जुनी गाडी घेताना क्लच कसा तपासायचा: थंड गाडीपासून यवतेश्वरच्या चढापर्यंत

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस टायर बघतो, पत्र्यावरून हात फिरवतो, बॉनेट उघडून आत डोकावतो आणि मग हायवेच्या सर्व्हिस रोडला दोन किलोमीटरची चक्कर मारून येतो. "पिकअप चांगलाय" म्हणतो आणि विसार देऊन मोकळा होतो. त्या चकरेत क्लचबद्दल त्याला काहीच कळलेलं नसतं. रस्ता सपाट, गाडीत दोनच माणसं आणि क्लच गार. अशा वेळी अर्धीअधिक झिजलेली क्लच प्लेटसुद्धा (इंजिनचा जोर पुढे गिअरबॉक्सकडे देणारी अस्तराची चकती) बिनतक्रार काम करते. तिची खरी अवस्था चढावर, ओझ्याखाली आणि तापल्यावर समजते.

माझ्या मावसभावाच्या गाडीच्या वेळी आमचं हेच झालं. व्यवहार एका एजंटाकडे झाला, साताऱ्यात वाढे फाट्याकडच्या सपाट रस्त्यावर चक्कर मारली आणि होकार मीच दिला. पंधरा दिवसांनी घरचे पाच जण कास पठाराला निघाले. यवतेश्वरच्या चढावर दुसऱ्या वळणानंतर इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी पुढे सरकेना आणि आत जळका वास भरला. आठवड्याभरात गिअरबॉक्स खाली उतरवून अख्खा क्लच सेट बदलावा लागला. त्यानंतर ओळखीतल्या कुणाचीही गाडी बघायला गेलो की मी खालच्या क्रमानेच जातो. हा क्रम मोडू नका. थंड गाडीवरची तपासणी गाडी तापल्यावर करता येत नाही, आणि लोकांचं सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच.

1. निघण्याआधीची तयारी

आदल्या संध्याकाळी मालकाला फोन करून सांगा, "सकाळी येतोय, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." एरवी गाडी पुसून, गरम करून दारात उभी असते आणि थंडपणी होणारे आवाज व धक्के तुमच्या कानावर पडतच नाहीत.

दिवस शक्यतो कामाचा निवडा. कासच्या फुलांच्या हंगामात, म्हणजे साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, शनिवार-रविवारी यवतेश्वरचा रस्ता गाड्यांनी भरलेला असतो. तिथे तेव्हा कसलीही चाचणी होत नाही.

सोबत तीन मोठी माणसं घ्या. सल्ला द्यायला एक पुरे, बाकीची वजनासाठी हवीत. रिकाम्या गाडीत न दिसणारा दोष चार माणसं बसली की दिसतो.

पायात पातळ तळाची चप्पल किंवा बूट असू द्या. जाड सोलच्या बुटातून पेडलची थरथर कळत नाही.

एक काम जवळजवळ कुणीच करत नाही. ज्या मॉडेलची गाडी बघायला निघालात, तेच मॉडेल ओळखीतल्या कुणाकडे चांगल्या अवस्थेत असेल तर दहा मिनिटं चालवून या. काही गाड्यांचा क्लच मुळातच वरच्या बाजूला पकडतो, काहींचं पेडल मुळातच जड असतं. तुलनेला काही नसेल तर चांगल्या गाडीला नाव ठेवाल किंवा वाईट गाडी पास कराल.

दोन फोनही आधीच करून ठेवा, एक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आणि एक तुमच्या मेकॅनिकला. या मॉडेलचा पूर्ण क्लच सेट मजुरीसकट किती, एवढंच विचारा आणि आकडा लिहून ठेवा. सौद्याच्या वेळी तो लागणार आहे. डिझेल गाडी असेल तर तिला ड्युअल मास फ्लायव्हील (क्लच ज्याला पकडतो ते इंजिनचं जड चाक, पण धक्के शोषणारं, दोन भागांचं) आहे का, हेही विचारून घ्या. ते असेल आणि तेही गेलेलं असेल, तर खर्च काही पटींनी वाढतो.

पिशवीत टॉर्च, जुनं वर्तमानपत्र, एक फडकं. चाकाखाली लावायला दोन दगड तिथे मिळतील.

> थांबा आणि बघा: गाडीचा विमा आणि पीयूसी चालू आहे का? विमा संपलेला असेल तर गाडी घाटात नेऊ नका. मालकाला विमा भरायला सांगा आणि परत या.

2. गाडी आधी कुणी आणि कशी चालवली?

क्लच किलोमीटरने झिजत नाही. तो किती वेळा दाबला आणि किती वेळ अर्धवट धरला यावर झिजतो. चांगल्या हाताखाली एकच सेट लाखभर किलोमीटर जातो. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणाऱ्या माणसाखाली तो तीस-चाळीस हजारांतही संपतो.

आपल्याकडे पुण्याच्या गाड्या भरपूर येतात. एमएच 12 किंवा एमएच 14 ची गाडी, एकच मालक, फक्त 35 हजार किलोमीटर, असं ऐकलं की माणूस खूश होतो. पण ते 35 हजार किलोमीटर सिग्नल टू सिग्नल झालेले असतील, तर सातारा-कोल्हापूर हायवेवर 90 हजार चाललेल्या गाडीचा क्लच त्यापेक्षा चांगला निघू शकतो. मीटरचा आकडा इंजिनसाठी बघा. क्लचसाठी गाडी कुठे आणि कशी चालली ते विचारा.

तीन प्रकारच्या गाड्यांकडे जास्त संशयाने बघा. महाबळेश्वर-पाचगणीला पर्यटकांना फिरवलेली गाडी ही पहिली, कारण रोज पसरणी घाट चढणं क्लचला महागात पडतं. आरसी नीट वाचा, गाडी आधी टॅक्सी परवान्यावर होती का ते त्यातून कळू शकतं. दुसरी ड्रायव्हिंग स्कूलची. शेजारच्या सीटसमोर पायांच्या जागी मॅट उचलून टॉर्च मारा. जादाची पेडलं काढून टाकली असली तरी तिथल्या पत्र्याला नटबोल्टची भोकं किंवा बुजवलेल्या खुणा राहतात. तिसरी मागे ओढायची कडी बसवलेली गाडी. कडी कशासाठी लावली होती, ते विचारा.

मग पेडलची रबरं बघा. मीटर 40 हजार दाखवतंय आणि क्लचच्या पेडलचं रबर एका बाजूने गुळगुळीत झालंय, तर दोन्ही गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. तिन्ही पेडलांची रबरं कोरी करकरीत असतील तर ती का बदलली, हे विचारायलाच हवं.

"क्लच आत्ताच केलाय" असं मालक म्हणाला तर बिल मागा. त्यावर तारीख, किलोमीटर आणि काय काय बदललं ते असतं. नुसती प्लेट बदलली की प्लेट, प्रेशर प्लेट (प्लेटला दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं) असा पूर्ण सेट टाकला, यात मोठा फरक आहे. जुनी प्रेशर प्लेट तशीच ठेवून नवी प्लेट टाकलेली गाडी चार-सहा महिने बरी चालते आणि मग परत त्रास देते. बिल नसेल तर क्लच जुनाच आहे असं धरून चाला.

3. इंजिन बंद असताना

आधी बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर गाडी तुमच्यासाठी तयार करून ठेवलेली आहे. चहा घ्या, तासभर थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या.

ड्रायव्हरच्या सीटवर बसून क्लच हाताने दाबून बघा. सुरुवातीला बोटभर हलकी चाल लागेल आणि मग जोर लागायला सुरुवात होईल. केबलच्या गाडीत (पेडल तारेने क्लच ओढतं अशा) ही हलकी चाल अजिबात नसेल तर रिलीज बेअरिंग सतत टेकून राहतं आणि क्लच पूर्ण पकडत नाही. प्लेट झिजत गेली की ही चाल कमी होत जाते. हायड्रॉलिक गाडीत (पेडलचा जोर ऑइलमधून जातो अशा) झीज आपोआप सांभाळली जाते, त्यामुळे तिथे नुसत्या चालीवरून प्लेटचा अंदाज येत नाही.

आता पायाने पूर्ण दाबा आणि सोडा, सावकाश, दहा वेळा. पेडल मध्येच अडकतंय, खरखर लागते, सोडल्यावर रेंगाळत वर येतं? केबलच्या गाडीत (अल्टो, वॅगनआर आठवा) केबल सुकली किंवा तिचे तार तुटायला लागले की असं होतं. केबल बदलणं फार खर्चाचं नाही. पण नवी केबल टाकूनही पेडल दगडासारखं जड राहत असेल तर दोष प्रेशर प्लेटमध्ये असतो.

हायड्रॉलिक गाडीत वेगळं बघायचं. पहिल्या दाबाला पेडल मऊ, स्पंजासारखं लागलं आणि भराभर चार-पाच वेळा दाबल्यावर कडक झालं, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर सिलिंडर (पेडलमागे ऑइलला दाब देणारा) गळतोय. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचला आणि पेडलच्या वरच्या बाजूला, जिथे दांडा आत जातो, तिथे फडकं फिरवा. ओलसर, तेलकट लागलं तर मास्टर सिलिंडरचं सील गेलंय. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकच्या ऑइलची टाकी एकच असते. तिच्यातलं ऑइल कमी असेल किंवा काळं पडलं असेल, तर ते क्लचबरोबर ब्रेकसाठीही वाईट आहे.

यानंतर बॉनेट उघडून केबलचं टोक शोधा. गिअरबॉक्सच्या बाजूला एक आटे पाडलेली सळई आणि त्यावर नट असतो. आटे धुळीने, तेलाने काळे आणि नटाजवळचे दोन-तीनच चकचकीत, असं दिसलं तर तो नट नुकताच फिरवलाय. विकण्याआधी क्लच "सेट" करून घेण्याची ही जागा. नट सैल करत करत सळईच्या अगदी टोकाला आलेला असेल तर पुढे ॲडजस्टमेंटला जागाच उरलेली नाही, म्हणजे प्लेटही संपत आली आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, कसलंही हत्यार लागत नाही. तरीही हा नट तपासून बघणारा माणूस क्वचितच भेटतो.

शेवटी गाडीखाली टॉर्च. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात त्या घराच्या खालच्या कडेला बघा. तेलाचा ओघळ दिसला तर इंजिनचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील गळतंय, आणि ते तेल प्लेटवर जाऊ शकतं. तेल लागलेली प्लेट धुऊन वापरता येत नाही. ती बदलावीच लागते.

> इशारा: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. बाजूने वाकून दिसेल तेवढं बघा. बाकीचं मेकॅनिककडे रॅम्पवर.

4. गाडी जागेवर, इंजिन चालू

समोर आणि मागे कुणी नाही ना बघा. क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका, ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालू करा. चालू होताना गाडीने पुढे झेप घ्यायचा प्रयत्न केला तर क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन चाकांपासून वेगळं होत नाही.

मग न्यूट्रल. एसी, गाणी, पंखा बंद, काचा खाली. इथे दोन आवाजांची लोक हमखास गल्लत करतात:

- पेडल *दाबल्यावर* खर्र किंवा कुई असा आवाज येतो आणि सोडल्यावर थांबतो: बहुतेक रिलीज बेअरिंग.
- पेडल *सोडलेलं* असताना घरघर येते आणि दाबल्यावर थांबते: गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग, किंवा ड्युअल मास फ्लायव्हील असलेल्या गाडीत तेही असू शकतं.

रिलीज बेअरिंग एकट्याने फार महाग नसतं, पण त्याच्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. म्हणून "फक्त बेअरिंगचा आवाज आहे, शे-दोनशेचं काम" असं कुणी म्हणालं तर त्यावर जाऊ नका. मजुरी पूर्ण क्लचएवढीच लागते, आणि एवढं खोललं की शहाणा माणूस सेटच बदलतो.

आता रिव्हर्स. इंजिन आयडलला, क्लच पूर्ण दाबा, मनात तीन मोजा आणि सावकाश रिव्हर्स टाका. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअर बिनआवाज पडावा म्हणून वेग जुळवणारा भाग) नसतो, त्यामुळे क्लच जरा जरी अडकत असला तरी करकर आवाज येतो. तीन मोजण्याला महत्त्व आहे. घाईघाईने टाकलात तर चांगल्या गाडीचाही आवाज येईल आणि तुम्ही उगाच तिला नाव ठेवाल.

शेवटी बंद पाडण्याची चाचणी. सपाट जागा, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, चाकांपुढे दगड. तिसरा गिअर टाका आणि रेस न देता क्लच हळूहळू पूर्ण सोडा. इंजिन लगेच धडपडून बंद पडलं पाहिजे. पेडल पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिलं आणि गाडी हलली नाही, तर क्लच पार गेला आहे आणि पुढची तपासणी करायची गरज नाही.

> इशारा: ही चाचणी एकदाच करा. आणि गाडी यात पास झाली म्हणून समाधान मानू नका. हिच्यात फक्त मेलेला क्लच सापडतो, मरायला टेकलेला नाही. मावसभावाची गाडी यातही पास झाली असती.

5. सपाट रस्त्यावर

इथे दोनच गोष्टी बघायच्या.

पहिल्या गिअरमध्ये रेस न देता, फक्त क्लच सोडत गाडी हलवा. पेडल कुठे आलं की गाडी ओढू लागते? अगदी वर, पाय उचलत आला तेव्हा पकडत असेल आणि ओळखीच्या दुसऱ्या गाडीत ती जागा खाली असेल, तर झीज झाली आहे. उलट पेडल जमिनीला टेकलेलं असतानाच गाडी सरकायला लागली तर क्लच सुटत नाही.

सुटताना गाडी थडथडते का, तेही याच वेळी. अंग हलेल असे धक्के बसले तर प्लेटवर तेल, प्लेट काचेसारखी गुळगुळीत होणं किंवा फ्लायव्हीलवर तापल्याचे डाग, यातलं काहीतरी असतं. पण पावसाळ्यात दोन-चार आठवडे उभी राहिलेली गाडी पहिल्या दोन-तीन वेळा थडथडू शकते, कारण फ्लायव्हीलवर हलका गंज धरतो. पाच-सहा वेळा सुटल्यावर ते गेलं तर विसरा. प्रत्येक वेळी होत असेल तर लिहून ठेवा.

6. चढ

सगळ्या तपासणीत हा टप्पा मुख्य आहे. वेळ नसेल तर दुसरं काहीतरी वगळा, पण याला हात लावू नका.

सातारा शहरातल्या माणसाला यवतेश्वरचा घाट सोयीचा आहे. जवळ आहे, चढ भरपूर आहे आणि कामाच्या दिवशी सकाळी गर्दी नसते. पुणे हायवेवरच्या खंबाटकी घाटात हे करू नका. तिथे मागे-पुढे भरलेले ट्रक असतात आणि गाडी अडकली तर थांबायला जागा मिळत नाही. सांगली-मिरजेकडच्यांना घाट हाताशी नाही, त्यांनी रेल्वेवरचा उड्डाणपूल निवडावा आणि गाडीत पाच माणसं बसवावीत. मग काम होतं.

चौघे बसा. मागच्या माणसाच्या हातात मोबाइल द्या आणि त्याला मीटरचा व्हिडिओ काढायला सांगा. आरपीएमचा काटा आणि वेगाचा काटा, दोन्ही एका चौकटीत दिसले पाहिजेत. चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा.

सरळ चढ आला की तिसऱ्या गिअरमध्ये गाडी तीस-पस्तीसच्या वेगावर स्थिर करा. मग रेस पूर्ण दाबा आणि चार-पाच सेकंद तशीच धरा. डिझेल गाडीचा मुख्य जोर साधारण 1,800 ते 2,500 आरपीएमच्या दरम्यान येतो. क्लच घसरायचा असेल तर तिथेच घसरतो.

काय बघायचं? एका गिअरमध्ये इंजिनचे फेरे आणि गाडीचा वेग यांचं प्रमाण ठरलेलं असतं. समजा 30 च्या वेगाला काटा 1,500 वर होता, तर 40 ला तो 2,000 वर आणि 50 ला 2,500 वर असायला हवा. वेग 35 वर रेंगाळतोय आणि काटा 2,800 ला जाऊन बसला, तर मधला फरक प्लेट घसरण्याचा आहे. घरी येऊन व्हिडिओ सावकाश बघा. चालवताना निसटलेली उडी त्यात स्पष्ट दिसते. कधी कधी काटा क्षणभर दोन-तीनशेने वर उडतो आणि परत खाली येतो. घसरण्याची सुरुवात अशीच असते, आणि विकणारा तिला "टर्बो (इंजिनला जादा हवा देणारा पंखा) लागला" म्हणतो. टर्बो लागला तर वेगही वाढला पाहिजे. वेग न वाढता नुसता काटा वाढला तर टर्बोचा त्याच्याशी संबंध नाही.

आरपीएमचा काटा नसलेल्या जुन्या छोट्या गाडीत कान वापरा. पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरला की मोटार मोकळी फिरल्यासारखी वाजते आणि जातं मात्र मंदावतं. इथेही तसंच होतं, आणि वासही त्या तापलेल्या पट्ट्याच्या जवळचा, जळक्या कागदासारखा येतो. काचा खाली ठेवायला सांगितल्या त्या यासाठीच.

त्यानंतर घाटात रुंद, सुरक्षित जागा बघून कडेला थांबा. हँडब्रेक लावा, पहिल्या गिअरवर गाडी उचला. अशी तीन वेळा. चांगल्या क्लचची गाडी चौघांना घेऊन शांतपणे निघते. तिसऱ्या वेळेपर्यंत वास आला, थडथड वाढली किंवा पेडल पहिल्यापेक्षा वर पकडायला लागलं, तर क्लचमध्ये फारसं काही उरलेलं नाही.

> इशारा: वळणावर, धुक्यात किंवा ओल्या रस्त्यावर रेस पूर्ण दाबू नका. ओल्या रस्त्यावर चाक घसरूनही काटा उडतो आणि निष्कर्ष चुकतो. आणि क्लच एकदा घसरलेला दिसला की तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा करून बघणं म्हणजे दुसऱ्याची गाडी जाळणं आहे.

7. परत येऊन, गाडी गरम असताना

घाट उतरून पोवई नाक्याच्या गर्दीतून गाडी आणा. थांबत-सुटत पंधरा मिनिटं गेली की क्लच नीट तापतो. दारात आल्यावर इंजिन बंद न करता रिव्हर्सची चाचणी पुन्हा करा, तीन मोजून. सकाळी गुमान पडणारा रिव्हर्स आता करकरला, किंवा पेडल मऊ पडून अर्ध्यावर राहायला लागलं, तर हायड्रॉलिकमध्ये दोष आहे. थंडपणी तो दिसत नव्हता.

मग इंजिन बंद करून खाली वर्तमानपत्र पसरा आणि अर्धा तास गप्पा मारा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली थेंब पडतोय का ते कागद सांगेल. एसीचं पाणी वेगळं ओळखू येतं, ते वाळून जातं. तेलाचा डाग पसरतो आणि राहतो.

8. क्लचवर येणारे खोटे आळ

चांगली गाडी नाकारली जाऊ नये म्हणून हेही लक्षात ठेवा. चढावर गाडी ओढत नाही आणि काटाही वर जात नाही, तर क्लच ठीक आहे, दोष इंजिनात शोधा. थडथड सुटतानाच नाही तर गिअर बदलताना आणि इंजिन बंद करतानाही होत असेल तर इंजिनचं माउंटिंग बघा. इंजिन बंद असतानाही गिअर जड पडत असतील तर गिअरची केबल किंवा लिंकेज. आणि जळका वास आला की आधी चाकांजवळ नाक न्या. हँडब्रेक अर्धवट राहिला असेल तर ब्रेकच्या लायनिंगचा वास अगदी असाच येतो.

9. क्लचचं पेडल नसलेल्या गाड्या

एएमटी गाडीला (गिअर आणि क्लच यंत्राने आपोआप चालणारी) पेडल नसलं तरी क्लच प्लेट असतेच, फक्त ती यंत्र दाबतं. वरची तिसऱ्या गिअरची बंद पाडण्याची चाचणी तिच्यावर करू नका. चढावर काटा आणि वेग यांचा मेळ तसाच बघा, पण गिअर मॅन्युअल मोडमध्ये धरून. चढावर ब्रेकऐवजी रेसवर गाडी धरून ठेवण्याची सवय अशा गाड्यांचा क्लच लवकर खाते. मालक सिग्नलला काय करतो ते शेजारी बसून बघा. या गाड्यांसाठी सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून घेणं मी सक्तीचं मानतो.

10. सौदा आणि दुरुस्ती

क्लच संपत आलाय म्हणून गाडी सोडायलाच हवी असं नाही. बाकी गाडी सरळ असेल तर क्लच हा बदलता येणारा भाग आहे, एका दिवसाचं काम. फक्त पैसे कुणी द्यायचे हे विसार देण्याआधी ठरवा. निघण्याआधी घेतलेला आकडा आणि घाटातला व्हिडिओ समोर ठेवा. गाडीला नावं ठेवत बसण्यापेक्षा "काका, हा काटा बघा आणि हा खर्च बघा" एवढं म्हटलं की बहुतेक मालक ऐकतात.

"आम्ही क्लच करून देतो" असं मालकाने म्हटलं तर मी सहसा नको म्हणतो आणि तेवढी रक्कम कमी करून घेतो. विकायच्या गाडीत कुणी चांगलं सामान टाकत नाही. तरीही त्याच्याकडून करून घ्यायचं असेल तर काम तुमच्या मेकॅनिककडे करा आणि गिअरबॉक्स उतरल्यावर स्वतः जाऊन बघा. जुनी प्लेट हातात घ्या. रिव्हेटची डोकी अस्तराच्या पातळीला आली असतील तर ती संपलेली होती. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर तो घासून घ्यायचा की बदलायचा, तेही तिथेच ठरवा. इंजिनचं मागचं सील त्याच वेळी तपासून घ्या. नंतर त्याच्यासाठी पुन्हा तेवढीच मजुरी जाते. बिलावर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग ही तिन्ही नावं वेगवेगळी लिहून घ्या आणि जुनं सामान मागून गाडीत टाका.

नवा क्लच बसला की पहिले चार-पाचशे किलोमीटर चढावर ओझं ओढू नका आणि झटक्याने क्लच सोडू नका. कासची सहल त्यानंतर ठेवा.